पाण्यात ठेवलेला येशू

माझं आणि येशूचं भांडण मी नववीत असताना सुरू झालं. त्याआधी तो मला आवडायचा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी पहिल्यापासून त्याच्या वाईटावर होते.

आम्ही ठाकुर्लीला चाळीत राहायचो आणि मी कल्याणला नन्सच्या शाळेत जायचे. शाळेत शिरल्या शिरल्या जिन्याखाली तो क्रूसावर टांगलेला होता, फासळ्या वर आलेल्या, मान एका बाजूला पडलेली. आमच्या घरच्या देवांचं सगळं व्यवस्थित चाललेलं असायचं. अंगावर दागिने, पुढ्यात नैवेद्य, कुणाच्या शेजारी बायको. ह्याचं मात्र कुणी काही भलं केलेलं दिसत नव्हतं. शिवाय आमच्या देव्हाऱ्याला महिन्यातले चार दिवस मला हात लावायची बंदी होती. त्या दिवसांत पाण्याचा माठसुद्धा लांब. शाळेतल्या ह्या देवाला कसलाच विटाळ होत नव्हता. मधल्या सुट्टीत मी त्याच्या पायाला, खिळा मारलाय तिथे, बोट लावून बघायचे. कुणी ओरडायचं नाही. त्या वयात मला तेवढंही पुष्कळ होतं.

नाताळच्या कार्यक्रमात मला मॉरल सायन्समध्ये पहिली आल्याबद्दल बक्षीस मिळालं, तोही येशूच. प्लास्टरचा, वीतभर उंच, दोन्ही हात पसरलेला, झगा पांढरा, छातीवर लालभडक हृदय. मॉरल सायन्समध्ये मी पहिली, हे आठवलं की अजून हसू येतं.

घरी आणला तर आई पेचात पडली. “देवच तो, नाही म्हणत नाही मी,” ती म्हणाली, “पण आपल्यात बसवायचा कसा? त्याला काय चालतं, काय चालत नाही, कुणाला ठाऊक.” म्हणून तो टीव्हीच्या कपाटावर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपल्यावर आईच्या बोटाला थोडं ओलं कुंकू उरलं होतं, ते तिने जाता जाता त्याच्या कपाळाला टेकवलं. “पाहुणा असला म्हणून कोरडा कशाला ठेवायचा?” मग ते रोजचंच झालं. आईच्या बोटाने हळूहळू त्याच्या कपाळावरचा रंग निघाला आणि कुंकू आत मुरलं.

आता ताईचं सांगायला हवं. ताई माझ्याहून बरीच मोठी, ठाण्याला एका ऑफिसात टायपिस्ट होती. तिचं लग्न जमत नव्हतं, म्हणून आईने देव्हाऱ्यातला पितळी गणपती पाण्यात ठेवला होता. लोक नुसतं बोलतात देव पाण्यात ठेवून बसलो म्हणून, आमच्या आईने खरोखर ठेवला होता, तांब्याच्या पातेल्यात, नाकातोंडाच्या वर पाणी. काम होईपर्यंत देवाने तिथेच राहायचं. जीव घुसमटला की तो धावाधाव करतो, अशी समजूत. आणि केलीन की त्याने. कल्याणचं स्थळ आलं, मुलगा मोहन्याच्या कारखान्यात नोकरीला, घर स्वतःचं. आईने गणपतीला बाहेर काढला, पुसला, पेढा ठेवला आणि त्याच्याशी अशी बोलली की जसं काही त्याला फार दिवस बाहेरगावी पाठवलं होतं.

साखरपुडा आमच्याच गॅलरीत झाला. ताईच्या ओटीत सासरकडून एक खणाचं ब्लाउजपीस आलं, हिरवं, लाल काठांचं. चाळीतल्या सगळ्या बायकांनी ते हाताळून बघितलं. समोरची काकू तर बोटात कापड धरून कितीतरी वेळ चोळत बसली. “असलं हल्ली मिळत नाही हो,” म्हणाली.

ही काकू समोरच्या खोलीत राहायची. चाळीचा नळ तिच्या दाराला लागून, त्यामुळे कुणाच्या घरी किती कळश्या गेल्या, कोण रडलं, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं तिला ठाऊक. पण तेवढ्यावरून मी तिला वाईट म्हणत नाही. ताई लहान असताना तापात तिला एकदा फिट आली होती. आई एकटी घरात, घाबरून नुसती उभी. तेव्हा ह्याच काकूने धावत येऊन ताईला मांडीवर घेतलं, दातांत चमचा धरला, नाकाला कांदा लावला, शुद्धीवर येईपर्यंत हलली नाही. ती फिट पहिली आणि शेवटची. घराबाहेरच्या एकाच माणसाला ते माहीत होतं, ते म्हणजे काकू.

लग्नाचा हॉल बघायला बाबा निघालेच होते, तेवढ्यात कल्याणहून मुलाचे मामा आले. चहाला हात न लावता म्हणाले, मुलीला फिट येतात हे तुम्ही लपवलंत. बाबा म्हणाले, अहो, लहानपणी एकदा तापात. मामा म्हणाले, एकदाच की कितीदा ते आम्हाला कसं कळणार. उठून गेले. आणि पावसाळा सरायच्या आत काकू आमच्याकडे पेढे घेऊन आली. तिच्या मुलीचं जमलं होतं. मुलगा कल्याणचा, मोहन्याच्या कारखान्यात नोकरीला, घर स्वतःचं.

तो पेढ्यांचा पुडा आईने घेतला. हे मला आजही कळत नाही. घेतला आणि वर म्हणाली, “बरं झालं हो.” काकूची पाठ वळल्यावर मी तो पुडा मोरीत फेकायला निघाले, तर आईने तो हातातून काढून घेतला. “अन्न आहे ते,” म्हणाली. “देव बघून घेईल तिला.” बाबांनी पेपर तोंडासमोर धरला तो जेवणापर्यंत खाली केला नाही. ताईने ते हिरवं ब्लाउजपीस घडी करून ट्रंकेच्या तळाशी घातलं आणि दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखी ठाण्याला कामावर गेली. मला ह्या तिघांचाही संताप आला. घरात आग लागलीय आणि सगळे जण आपापली कामं करतायत, असलं काहीतरी चाललं होतं. देव बघून घेईल म्हणे. कुठला, कधी, कसा?

त्याच सुमारास शाळेत सिस्टरनी आम्हाला येशूला कसं पकडून दिलं ते सांगितलं. सिस्टर वसईकडच्या होत्या, मराठी आमच्याइतकंच छान बोलायच्या. त्याचाच एक माणूस, त्याच्याबरोबर एका ताटात जेवणारा, शिपाई घेऊन आला आणि ओळख पटावी म्हणून त्याच्या गालाचा मुका घेतला. मी बाकाच्या टोकाला येऊन ऐकत होते. मला काकूने नाकाला धरलेला कांदा आठवला. म्हटलं, सापडला. माझा माणूस हाच. ह्याला आपल्या घरचं दुखणं समजावून सांगायची गरज नाही.

गोष्ट पुढे गेली. मारलं, थुंकले, खिळे ठोकले. आणि मग तो वरून म्हणाला, बापा, ह्यांना क्षमा कर. सिस्टर थांबल्या. मी हात वर केला.

“मग त्या लोकांचं पुढे काय झालं, सिस्टर?”

“कुठल्या लोकांचं?”

“ज्यांनी मारलं त्यांचं.”

“त्यांना तर त्याने माफ केलं ना.”

“ते त्याने केलं. पण बाप देव होता ना त्याचा? त्याने काहीच नाही केलं? आग, पूर, काहीच नाही?”

वर्ग हसला. सिस्टर हसल्या नाहीत. “दुसऱ्यांनी केलेलं त्याने स्वतःवर घेतलं, बाळा,” त्या म्हणाल्या. “त्यासाठीच आला होता तो.”

“कुणी सांगितलं होतं घ्यायला?” मी विचारलं. त्यांनी मला खाली बसायला सांगितलं.

घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. आमच्या गोष्टींमध्ये पापी माणसाचं पोट तरी फाडतात. हा बाबा सगळी शक्ती अंगात असून टांगून घेतो आणि वर त्यांचीच वकिली करतो! असल्यांमुळेच काकूसारख्या बायका पेढे वाटत फिरतात, असं माझं स्वच्छ मत झालं. टीव्हीच्या कपाटावर तो हात पसरून उभा होता, कपाळावर आमचं कुंकू. मी त्याला म्हटलं, आमच्या घरात राहतोस ना, मग आमच्या पद्धतीने वाग.

मोरीतल्या पिंपामागे तुपाचा एक रिकामा डबा होता. तो भरला, येशूला त्यात उभा केला, डोक्यावरून पाणी गेलं तसं झाकण लावलं. आणि मागणं मागितलं. काकूची जीभ झडू दे. लग्न मोडू दे. ते होईपर्यंत तुला वर काढणार नाही. आईने चौकशी केली तेव्हा सांगितलं, शाळेत प्रदर्शनाला परत मागितलाय. आईचं तेव्हा कशातच लक्ष नव्हतं.

आमच्याकडे पाणी सकाळी थोडाच वेळ यायचं. नळावर काकू बाहीचं माप घेतल्यासारखी हात लांब करून सांगायची, कुणी कुठे उभं राहायचं. मी तिच्यासमोर रांगेत उभी राहून पाणी आणायचे आणि त्यातलंच एक तांब्याभर तिच्याविरुद्ध वापरायचे. ह्यात मला काय गोडी वाटायची ते सांगता येणार नाही.

पण काकूची जीभ काही झडेना. उलट ती जास्तच चालायला लागली. मांडववाला ठरला, आचारी ठरला, मुलीच्या बांगड्या भरून झाल्या. “तुमच्या ताईलाही बोलवायचं हं लग्नाला,” एकदा मला म्हणाली, “मनात काही ठेवायचं नाही.” त्या दिवशी घरी आल्या आल्या मी डबा काढला. म्हटलं, आता ह्याला जाब विचारायचा.

पाणी दुधासारखं झालं होतं. आत हात घातला तर काहीतरी मऊ लागलं. आईचा गणपती पितळी होता, महिनोन्‌महिने बुडवा, त्याचं काही बिघडत नाही. हा प्लास्टरचा. मला ते सुचलंही नव्हतं. पसरलेले दोन्ही हात गळून तळाशी बसले होते. डोळे, नाक, दाढी सगळं विरघळून गेलेलं, नुसता एक पांढरा गोळा. लाल राहिलं होतं ते दोनच ठिकाणी, छातीवर पुसट डाग आणि कपाळावर मुरलेलं कुंकू.

मला वाईट वाटलं नाही. मला राग आला. हादेखील पळाला. काकूला धक्का लावण्याऐवजी स्वतःच विरघळून मोकळा झाला. भंगलेली मूर्ती घरात ठेवायची नसते एवढं मला माहीत होतं. मग ठेवायची कुठे? आणि मला एकदम उत्तर सापडलं. ज्यांना हा माफ करत सुटतो, त्यांनीच सांभाळावा. काकूच्याच दारात नेऊन ठेवायचा. तुला माफ करणारा देव तुझ्याकडेच ठेव, मला नको, असं मला तिला सांगायचं होतं. ओला होता म्हणून गुंडाळायला कापड हवं होतं. ट्रंक उघडली, तळातून ते हिरवं ब्लाउजपीस काढलं. तेही त्याच कल्याणच्या घरचं होतं, तेही परत जाऊ दे.

रविवारची दुपार होती, काकूच्या मुलीला दोन दिवसांनी हळद लागायची होती. गॅलरीत कुणी नव्हतं. पुडकं उंबऱ्यावर ठेवून मी घरात आले. त्या दिवशी अवस होती हे मला कुठे ठाऊक होतं! आम्ही शाळेतल्या पोरी, आम्हाला इंग्रजी तारीख कळायची.

थोड्या वेळाने काकूची किंकाळी ऐकू आली. मी दारात गेले. बायका जमल्या होत्या आणि कुणी पुढे होत नव्हतं. काकूने चिमट्याने कापड उघडलं होतं. ओल्या खणात ती पांढरी, बिनचेहऱ्याची, बिनहाताची वस्तू, कपाळाला कुंकू.

“हात लावू नका कोणी!” कुणीतरी ओरडलं. “करणी हाय ती. लिंबू बघा आत हाय का, बिब्बा बघा.”

करणी! मला हसू फुटायच्या बेतात होतं. त्यांच्यातली एक बाई दर बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावायला जायची, तिलासुद्धा ओळखू आला नाही. जो कुणाचं वाईट चिंतत नाही म्हणून मी त्याच्यावर चिडले होते, त्याला बघून सगळी चाळ थरथरत होती. आणि काकूचा चेहरा! ओठ पांढरे. इतके दिवस मी जे मागत होते ते माझ्यासमोर उभं होतं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, भरपूर झाला.

मग काकूचं लक्ष कापडाकडे गेलं. तिने मान वर केली आणि सरळ आमच्या दाराकडे बघितलं.

“हे खणाचं कापड मी ओळखते,” ती म्हणाली. “साखरपुड्यात मी ह्या हातांनी बघितलेलं. माझ्या पोरीच्या संसारावर टाकलीस होय गं? सांग ना, कुठल्या भगताकडे गेलेलीस?”

ताई माझ्या मागे उभी होती, हातात कणीक. तिला काहीच माहीत नव्हतं. ती कापडाकडे बघत होती, मग तिने टीव्हीच्या कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला लपवायचं नव्हतं, उलट सांगायचंच होतं. तो माझा सूड होता, माझ्या नावाने जायला हवा होता. मी एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात आईने मागून माझं मनगट असं आवळलं की बांगडी आत रुतली.

आणि ताई म्हणाली, “मी ठेवलंय.”

एवढंच. का, कशासाठी, काही नाही. काकू दोन पावलं मागे सरली. बायकांनी ताईला वाट करून दिली, जरी ती कुठेच चालली नव्हती. काकूच्या नवऱ्याने ते पुडकं चिमट्याने पिशवीत घातलं आणि तो ते खाडीत टाकून आला. म्हणजे शेवटी येशूचं विसर्जन झालं, आणि तेही वाजतगाजत शिव्या खात.

दार लावून घेतल्यावर मी ताईवर तुटून पडले. “तू कशाला मध्ये पडलीस? मी सांगणार होते!”

“तू सांगितलं असतंस,” ताई हातावरची कणीक सोडवत म्हणाली, “मग शाळेत गेलं असतं, सगळीकडे झालं असतं. तुझं अजून सगळं व्हायचंय. माझं तसंही झालंय. त्यात आणखी एक.”

मला जिन्याखालचा तो आठवला, मान पडलेला. कुणी सांगितलं होतं घ्यायला? मी ताईला हेच विचारलं, शब्दाला शब्द. तिने पोळ्या लाटायला घेतल्या. मी त्या दिवशी जेवले नाही. आई मात्र त्या दिवसानंतर माझ्याशी कितीतरी आठवडे सरळ बोलली नाही आणि ताईला पहिली पोळी वाढायला लागली.

लग्न झालंच. ते मोडलं नाही. पण काकू मोडली. मुलीला साधी सर्दी झाली तरी तिला ताई दिसायची. ताई गॅलरीतून गेली की काकू दार ओढून घ्यायची. नळावरची तिची हुकूमत बंद झाली, ताई कळशी घेऊन आली की ती नळ सोडून आत जायची. कुठे कुठे जाऊन दोरे बांधून आली, उंबऱ्याला खिळे ठोकून घेतले. मुलीचं आणि जावयाचं पटेना, तेही ताईनेच केलं. वर्षानुवर्षं ती आमच्या हातचं पाणी प्यायली नाही. मी हे सगळं बघत होते आणि मला बरं वाटत होतं. ताईला मात्र नंतर स्थळ आलं नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत आपल्या लोकांमध्ये बातमी पोचली होती, आधी फिट, मग करणी. ती ठाण्याला जात राहिली, येत राहिली, आईबाबांचं बघत राहिली. तिने कधी कपाळाला आठी घातली नाही. तिच्या त्या न चिडण्याचा मला काकूहून जास्त राग यायचा.

पुढे माझं लग्न झालं, मी डोंबिवलीला गेले. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे एकदा माहेरी आले असताना समोरून निरोप आला. काकू अंथरुणाला खिळली होती, तिला ताईला भेटायचं होतं. मी बरोबर गेले. जाणारच होते. म्हटलं, आता तरी तोंडाने कबूल करेल.

काकूचं अंग एवढंसं झालं होतं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ताईचा हात तिने दोन्ही हातांत धरला.

“काढ गं आता ते,” ती म्हणाली. “माझं राहू दे. पोरीवरचं तरी काढ.”

बस्स, एवढंच. कल्याणच्या मामांना काय सांगितलं, का सांगितलं, एक शब्द नाही. मी वाट बघत उभी. ताई म्हणाली, “हो काकू.” तिने हात सोडवून घेतला, मूठ वळली, आई आमची दृष्ट काढायची तशी काकूच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरवली आणि खिडकीबाहेर उघडली. “काढलं. आता झोपा.” काकूने डोळे मिटले. तिच्या कपाळावरची शीर खाली बसलेली मला दिसली.

आम्ही बाहेर आलो. ताई नळावर हात धुवायला लागली.

“तू काय काढलंस?” मी म्हटलं. आवाज मला आवरत नव्हता. “तुझं होतं काय त्यात? ठेवलं मी. काढायचं असेल तर मी काढीन. तिने एक शब्द तरी बोलायला हवा होता तुझ्याजवळ.”

ताईने नळ बंद केला, पदराला हात पुसले. केस पांढरे व्हायला लागले होते तिचे. तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, नेहमीसारखंच.

“मग जा ना,” ती म्हणाली. “काढ तू.”

काकूचं दार उघडं होतं. आतून तिचा श्वास ऐकू येत होता. मी आमच्या घरात गेले आणि चहाचं आधण ठेवलं.